डिस्क आहे की नाही, हे सांगायचे कोणी?

१/२६
संगणक सुरू झाला की त्याला स्वतःची हार्ड डिस्क आपोआप दिसते, असा सार्वत्रिक समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. पीसीच्या पहिल्या दशकात यंत्राला डिस्क दिसत नव्हती. अमुक डिस्क जोडलेली आहे, असे त्याला सांगावे लागत होते. सांगणारा कधी माणूस होता, कधी बॅटरीवर जगणारी चिप, कधी बायोस. सांगणारा चुकला की भुर्दंड मात्र डिस्क विकत घेणाऱ्याला पडे. त्या सांगोवांगीचा हा इतिहास, आणि तिच्यावर पांघरलेल्या एका प्रतिष्ठित सबबीचा समाचार. #धागा

२/२६
ती सबब म्हणजे 'सुसंगतता'. पीसीच्या इतिहासात ५०४ एमबी, ८.४ जीबी आणि १३७ जीबी अशा भिंती वारंवार उभ्या राहिल्या. डिस्क मोठी, पण यंत्र तिचा काही भागच ओळखे. या भिंती अपरिहार्य होत्या, जुन्या यंत्रांशी जुळवून घेण्याची ती किंमत होती, असे आजही मोठ्या समजूतदारपणे सांगितले जाते. हे स्पष्टीकरण ऐकायला प्रौढ वाटते. पुराव्यापुढे मात्र ते टिकत नाही. जुने रूप टिकवल्यामुळे भिंती उभ्या राहिल्या नाहीत. खरे उत्तर उपलब्ध असताना प्रश्न न विचारल्यामुळे राहिल्या.

३/२६
जमीन घेणारा जाणता माणूस सातबाऱ्यावरचे क्षेत्र वाचून थांबत नाही, मोजणी मागवतो. उतारा म्हणजे कोणीतरी केव्हातरी नोंदवलेले. मोजणी म्हणजे प्रत्यक्ष बांधावर जाऊन पाहिलेले. ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी तळाशी, कर्नल नुकतेच जागे होत असताना, हाच पेच उभा राहतो: या यंत्रात कोणते कंट्रोलर आहेत, त्यांना कोणत्या डिस्क जोडल्या आहेत आणि त्या केवढ्या आहेत? उताऱ्यावर विसंबावे की मोजणी करावी? पीसीच्या चाळीस वर्षांतले सगळे वाद या एका प्रश्नात सामावतात.

४/२६
आरंभ १९८०. शुगार्ट टेक्नॉलॉजी, म्हणजे पुढे सीगेट या नावाने प्रसिद्ध झालेली कंपनी, हिने एसटी-५०६ ही ५ एमबीची डिस्क बाजारात आणली. तिला दोन केबली लागत: ३४ तारांची नियंत्रणासाठी, २० तारांची माहितीसाठी. कंट्रोलर तिला हेड एकेक पायरी सरकवायला सांगू शके. ती तयार आहे का, हेड शून्याव्या ट्रॅकवर आहे का, एवढे जाणू शके. पण सिलिंडर किती, हेड किती, हे सांगण्याची सोयच तिच्यात नव्हती. डिस्क मुकी होती.

५/२६
ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत हार्ड डिस्क नव्हती. मार्च १९८३ च्या एक्सटीमध्ये १० एमबीची आली, आणि तिच्यासोबत कंट्रोलरचे स्वतंत्र कार्ड आले. त्या कार्डावर स्वतःचा रॉम होता. यंत्र सुरू होताना बायोस ठरावीक पत्त्यांपासून दर २ केबीवर ५५ आणि एए या दोन बाइटींची खूण शोधे. खूण सापडली की तो रॉम चालवे. हा शोध नीट पाहावा. यंत्राने शोधले ते कार्ड. कार्डामागे डिस्क कोणती, हे कार्डावरच्या जोडण्यांवरून ठरे, आणि त्या जोडण्या माणसाने केलेल्या असत.

६/२६
ऑगस्ट १९८४ मध्ये एटी आला आणि उताऱ्याचे दफ्तरच उघडले. बायोसमध्ये डिस्कच्या प्रकारांचा तक्ता होता; बॅटरीवर चालणाऱ्या सीमॉस चिपमध्ये त्या तक्त्यातला क्रमांक नोंदवला जाई. एकाच बाइटीचा वरचा अर्धा पहिल्या डिस्कसाठी, खालचा अर्धा दुसरीसाठी. शून्य म्हणजे डिस्क नाही. प्रकार २ म्हणजे ६१५ सिलिंडर, ४ हेड आणि ट्रॅकमागे १७ सेक्टर, सुमारे २१ एमबी. क्रमांक माणूस भरे. बॅटरी संपली की यंत्र आपल्याला डिस्क आहे हेच विसरे; डिस्क मात्र जागच्या जागी सुखरूप असे.

७/२६
या व्यवस्थेची आज टिंगल करणे सोपे आहे. ते अन्यायाचेही आहे. वस्तू मुकी असेल तर तिच्याविषयी दुसऱ्या कोणीतरी सांगणे भाग असते. शिवाय आयबीएमने एटीच्या तांत्रिक संदर्भग्रंथात बायोसची संपूर्ण संहिता छापली होती. तक्ता कुठे आहे, क्रमांक कुठे साठवला जातो, हे कोणालाही वाचता येत होते. उतारा अपुरा असला तरी दफ्तर उघडे होते. १९८४ च्या अभियंत्यांवर दोष ठेवण्याचे कारण नाही. दोषाची मोजदाद सुरू होते ती डिस्क बोलू लागल्यानंतर.

८/२६
१९८६ च्या सुमारास कॉम्पॅकच्या यंत्रांतून आयडीई रचना पुढे आली. कंट्रोलर आता डिस्कच्याच अंगावर बसला. सॉफ्टवेअरला तो एटीच्या जुन्या कंट्रोलरसारखाच भासे: तेच १एफ० ते १एफ७ पोर्ट, तीच रजिस्टरे. पुढच्या काही वर्षांत त्यात 'ओळख सांग' ही कमांड रुजली. तिचा संकेतांक ईसी. ही कमांड मिळताच डिस्क ५१२ बाइटींचे निवेदन देते: मॉडेल, अनुक्रमांक, सिलिंडर, हेड, सेक्टर, एकूण क्षमता. १९९४ च्या एटीए मानकात हे सर्व छापील आहे. मुकी वस्तू बोलू लागली होती.

९/२६
मग तिला विचारले कोणी? १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातही अनेक यंत्रांवर डिस्क बदलताना माणूस ती हातात घेऊन लेबलावरचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर कागदावर उतरवून घेई, आणि बायोसच्या पडद्यावर 'प्रकार ४७', म्हणजे वापरकर्त्याने ठरवलेला प्रकार, निवडून ते आकडे टंकत बसे. आकडा चुकला तर डिस्क चालत नसे, किंवा चालून पुढे दगा देई. विचारू शकणारे यंत्र आणि उत्तर देऊ शकणारी डिस्क एकाच खोक्यात होती. निरोप्याचे काम मात्र माणसाकडे होते.

१०/२६
या काळाचे सर्वांत बोलके उदाहरण लिनक्सचे आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपल्या नव्या कर्नलची वार्ता जाहीर केली, तेव्हाच त्याने स्पष्ट केले होते की एटी प्रकारच्या डिस्कपलीकडे बहुधा काहीच चालणार नाही, कारण त्याच्याजवळ तेवढेच आहे. पहिल्या ०.०१ आवृत्तीत डिस्कची मापे थेट संहितेत लिहिलेली होती. दुसऱ्या कोणाला ते कर्नल चालवायचे, तर आपली मापे घालून पुन्हा संकलित करणे भाग होते. इथे उताराही नव्हता. घरमालकाच्या आठवणीवर कारभार होता.

११/२६
त्याच वर्षाअखेरच्या ०.११ आवृत्तीत सुधारणा झाली, आणि ती शिकण्याजोगी आहे. आता मापे बायोसच्या तक्त्यातून घेतली जात. पण लेखकांना त्या तक्त्याचा पूर्ण भरवसा नव्हता: एखादा स्कझी कंट्रोलर बायोसमध्ये साधी डिस्क असल्याची बतावणी करील आणि प्रत्यक्ष रजिस्टरे वेगळीच निघतील. म्हणून डिस्क खरोखर एटी कंट्रोलरची आहे ना, हे सीमॉसमधल्या त्या बाइटीवरून पडताळले जाई. एका उताऱ्यावर विश्वास नाही, म्हणून दुसरा उतारा काढायचा. मोजणी अजून दूर होती. संशय मात्र योग्य जागी जन्मला होता.

१२/२६
मोजणी प्रत्यक्षात कशी असते? आधी डिस्क निवडायची: १एफ६ वर पहिलीसाठी ए०, दुसरीसाठी बी०. निवड स्थिरावण्यासाठी ४०० नॅनोसेकंद थांबायचे. मग पत्त्याची रजिस्टरे शून्य करून १एफ७ वर ईसी लिहायचे आणि स्थिती वाचायची. शून्य आले तर तिथे कोणी नाही. एरवी 'व्यग्र' बिट उतरेपर्यंत वाट पाहायची, पत्त्याच्या मधल्या व वरच्या रजिस्टरांत काही खूण उमटली का ते तपासायचे, आणि माहिती तयार झाली की २५६ शब्द वाचून घ्यायचे. एवढेच. यासाठी मध्यस्थ लागत नाही.

१३/२६
हे सोपे होते, असे मात्र कोणी म्हणू नये. रिकाम्या जागेलाही आवाज असतो. केबलवर कोणीच नसेल तर तारा उंच पातळीवर तरंगतात आणि स्थिती एफएफ अशी वाचली जाते. भोळे कर्नल ते 'व्यग्र' समजून ताटकळत राहते. पुढे मानकाने एका तारेवर रोधक बसवून रिकाम्या केबलला 'व्यग्र' दिसण्यापासून रोखले. दुसरी डिस्क नसेल तर तिच्या नावाने केलेल्या विचारणेला पहिलीच शून्य स्थिती दाखवून उत्तर देते. ओळखण्याच्या कामातला निम्मा घाम 'नाही' हे उत्तर नीट ओळखण्यात जातो.

१४/२६
सुसंगतता आणि सचोटी एकत्र नांदू शकतात, याचा दाखला सीडी-रॉमने दिला. सीडी-रॉम त्याच केबलवर आणायचे होते. पण जुने बायोस त्यांना हार्ड डिस्क समजून बसण्याची भीती होती. म्हणून एटीएपीआय उपकरणे ईसी कमांड मुद्दाम नाकारतात आणि पत्त्याच्या दोन रजिस्टरांत १४ व ईबी ही खूण ठेवतात. खूण ओळखणारे सॉफ्टवेअर मग ए१ ही वेगळी कमांड देते आणि खरी ओळख मिळवते. जुन्याला धक्का नाही, नव्याला सत्य उपलब्ध, आणि खूण मानकात जाहीर.

१५/२६
आता पहिली भिंत. बायोसच्या डिस्कसेवेत, म्हणजे इंटरप्ट १३ मध्ये, सिलिंडरला १० बिट, हेडला ८ आणि सेक्टरला ६ बिट होते. एटीए डिस्कच्या रजिस्टरांत सिलिंडरला १६, हेडला ४, सेक्टरला ८. दोन्ही बाजूंना चालेल तेवढेच घ्यायचे तर १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. गुणाकार ५२,८४,८२,३०४ बाइट, म्हणजे ५०४ एमबी. एकट्या बायोसची कुवत ८.४ जीबीची होती, एकट्या एटीएची सुमारे १३७ जीबीची. दोन मापकांच्या पट्ट्या जुळल्या नाहीत, आणि खापर शेतावर फुटले.

१६/२६
'अपरिहार्य' म्हणणाऱ्यांना इथे एक साधा प्रश्न विचारावा. त्याच यंत्रावर, त्याच डिस्कवर लिनक्सला ५०४ एमबीच्या पलीकडचा भाग का वापरता येत होता? कारण कर्नल सुरू झाल्यावर त्याचा ड्रायव्हर बायोसला वळसा घालून थेट डिस्कच्या रजिस्टरांशी बोले. अडचण उरे ती फक्त आरंभाची: कर्नल उचलून आणणारा लिलो हा लोडर बायोसवर विसंबे, म्हणून कर्नलची फाइल १०२४ सिलिंडरांच्या आत ठेवावी लागे. भिंत डिस्कमध्ये नव्हती, कंट्रोलरमध्येही नव्हती. ती मध्यस्थाच्या खुर्चीला जोडलेली होती.

१७/२६
मध्यस्थाने उपाय काढला तो भाषांतराचा. बायोस हेडांची संख्या फुगवी, सिलिंडरांची घटवी आणि हिशेब जुळवी. डिस्क सांगे ते १६ हेडही कल्पितच असत. आतल्या तबकड्यांवर ते फार कमी, आणि बाहेरच्या ट्रॅकवर आतल्यापेक्षा अधिक सेक्टर. म्हणजे कल्पितावर दुसरे कल्पित. त्यातही भाषांतराच्या पद्धती एकाहून अधिक होत्या. परिणामी एका यंत्रातली डिस्क दुसऱ्यात बसवली की विभागांची नोंद जुळेना आणि धडधाकट डिस्कवरचा मजकूर अगम्य होई. सुसंगततेच्या नावाने केलेला हा उपाय खुद्द सुसंगततेच्याच मुळावर आला.

१८/२६
८.४ जीबीच्या पुढे तर उतारा शुद्ध औपचारिक झाला. त्याहून मोठी प्रत्येक एटीए डिस्क एकच मापे सांगू लागली: १६३८३ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. दहा जीबीची असो वा शंभराची, जबानी तीच. मात्र खरी क्षमता त्याच निवेदनाच्या ६० व ६१ क्रमांकांच्या शब्दांत सेक्टरांच्या सरळ संख्येत लिहिलेली असे, आणि तसे मानकात स्पष्ट छापलेले होते. डिस्कने सत्य लपवले नव्हते. दोन ओळी खाली लिहिले होते. पहिली ओळ वाचून उठून जाणाऱ्याला डिस्क काय करणार?

१९/२६
तिसरी भिंत २८ बिटांची: २६,८४,३५,४५६ सेक्टर, म्हणजे १३७ जीबी. २००२ च्या सहाव्या एटीए मानकाने पत्ता ४८ बिटांचा केला. हा विस्तार आहे की नाही, हे डिस्क ८३ व्या शब्दातल्या एका बिटाने सांगते. तरीही २००१ ची विंडोज एक्सपी मूळ रूपात तो वापरत नव्हती. पहिल्या सर्व्हिस पॅकनंतर परिस्थिती पालटली. धोका केवळ जागा वाया जाण्याचा नव्हता. वरचे बिट गळाले की शेवटी लिहायचे ते डिस्कच्या आरंभी जाऊन पडते, आणि आरंभीच तर सगळी सूची असते.

२०/२६
सुसंगतता नसती तर पीसी फोफावला नसता, हा प्रतिवाद मान्यच आहे. पण तो उत्तर देतो एका वेगळ्याच प्रश्नाला. आयडीई डिस्कने जुन्या कंट्रोलरचे रूप घेतले, ते योग्य केले. सीडी-रॉमने खूण ठेवली, तेही योग्य. १६३८३ ही ठरावीक जबानीसुद्धा क्षम्य, कारण खरा आकडा जाहीर जागी होता. या तिन्ही ठिकाणी जुने रूप टिकले आणि सत्याची वाट उघडी राहिली. भिंती उभ्या राहिल्या त्या ही वाट न चालणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. त्या आळसाला सुसंगततेचे नाव देणे हा शब्दाचा अपमान आहे.

२१/२६
डिस्कच्या आधी कंट्रोलर सापडावा लागतो. तिथली कथा याहून दाहक. जुन्या आयएसए कार्डांना ओळख नव्हती. ड्रायव्हर अंदाजाने एखाद्या पोर्टवर काहीतरी लिही आणि काय परत येते ते पाही. तिथे नेटवर्कचे कार्ड निघाले तर यंत्रच गोठे. म्हणून 'या पोर्टांना हात लावू नको' असे लिनक्सला आरंभीच बजावण्याची सोय करावी लागली. १९९२ च्या पीसीआयने हे बदलले. प्रत्येक उपकरणाला उत्पादकाचा क्रमांक, स्वतःचा क्रमांक आणि वर्ग सांगणे बंधनकारक झाले. जागा रिकामी असेल तर एफएफएफएफ. साठवणुकीचा वर्ग ०१. त्यात आयडीई ०१, साटा ०६, एनव्हीएमई ०८.

२२/२६
ओळखपत्र मिळाले, म्हणून चारित्र्याची हमी मिळाली असे नव्हे. १९९५ च्या सुमारास आरझेड१००० आणि सीएमडी६४० या दोन पीसीआय आयडीई चिपांमधले दोष उजेडात आले. ठरावीक परिस्थितीत डिस्कवरचा मजकूर गुपचूप बिघडे. उपाय एकच होता: ड्रायव्हरने चिप नावानिशी ओळखायची आणि सदोष सुविधा वापरायचीच नाही. लिनक्समध्ये आजही डिस्कच्या मॉडेलनावांची अशी यादी आहे, कोणाला कोणती सूट, कोणाला कोणती मनाई. ओळखणे हा कागदी सोपस्कार नसून मजकुराच्या जिवाचा प्रश्न आहे, हे त्या दोन चिपांनी शिकवले.

२३/२६
२००४ च्या एएचसीआयने प्रत्येक साटा पोर्टला स्थिती आणि खूण दिली. तिथे सीडी-रॉमची जुनी १४ व ईबी खूण आजही वाचायला मिळते. २०११ च्या एनव्हीएमईने ओळखीचे निवेदन ४०९६ बाइटींचे केले. प्रश्न कायमचा सुटला, असे वाटावे. पण सप्टेंबर २०१६ मध्ये एका मोठ्या उत्पादकाच्या लॅपटॉपवरून वादंग उठले. फर्मवेअरने कंट्रोलर रेड पद्धतीत ठेवला होता आणि ती बदलण्याचा पर्याय काढून टाकला होता. त्या पद्धतीत एसएसडी स्वतंत्र पीसीआय उपकरण म्हणून दिसतच नव्हती. ती साटा कंट्रोलरच्या आड गेली होती. लिनक्सच्या स्थापकाला डिस्क सापडेना.

२४/२६
उत्पादकाची बाजू अशी की ही रचना नव्या विंडोजसाठी सोयीची होती. असेल. हेतू तपासण्याची गरज नाही. कसोटी एकच लावावी: सत्याची वाट उघडी होती का? नव्हती. आड लपवण्याची ती रीत एएचसीआय किंवा एनव्हीएमई यांपैकी एकाही सार्वजनिक मानकात नव्हती. पैसे मोजून घेतलेल्या यंत्रात डिस्क होती, वीज होती, कर्नल होते. मालकाला मात्र 'डिस्क नाही' असे ऐकावे लागले. तक्रारी वाढल्यावर पर्याय परत देणारे फर्मवेअर निघाले. म्हणजे पर्याय देणे अशक्य कधीच नव्हते. १९८४ चे दफ्तर उघडे होते. २०१६ चे कुलूपबंद.

२५/२६
मग उपकरणाचा शब्द प्रमाण मानावा का? तेही नाही. बाजारात अशा बनावट पेनड्राइव्ह मिळतात की त्या निवेदनात भलीमोठी क्षमता सांगतात आणि आत त्याचा अंशही नसतो. लग्नाचे फोटो त्यात भरले जातात, कुठेही त्रुटी दिसत नाही, आणि उघडायला जावे तर फाइली पोकळ. इलाज जुनाच: शेवटपर्यंत लिहायचे आणि परत वाचून ताडायचे. डिस्क शोधणारे जुने ड्रायव्हर रजिस्टरात ५५ लिहून ५५ च परत येते का हे पाहत, ते याच शहाणपणाने. विचारणे पहिली पायरी, पडताळणे दुसरी. दोन्हींसाठी वस्तूपर्यंत पोहोचू देणारी वाट लागते.

२६/२६
तेव्हा 'सुसंगततेची किंमत' हे शब्द पुन्हा कानी पडले, तर दोनच गोष्टी विचाराव्यात. खरे उत्तर देण्याची सोय वस्तूत होती का? आणि असेल, तर ते विचारू कोणी दिले नाही? १९८४ मध्ये पहिल्याचे उत्तर 'नाही' होते, म्हणून तो तक्ता निर्दोष. १९९४ मध्ये ते 'होय' होते. विचारले गेले नाही, तो आळस. २०१६ मध्येही 'होय' होते. विचारू दिले गेले नाही, ती मालकाच्या हक्कावरची आगळीक. उतारा कोणीही लिहावा. पण मोजणीदाराला बांधावर जाण्यापासून रोखणाऱ्याने जमिनीच्या भल्याची भाषा करू नये.
(धागा समाप्त)